पर्वतीच्या १०३ पायऱ्या आणि माझी वही

माझ्या वहीतील पहिली नोंद १४ नोव्हेंबर २०२२ या तारखेची आहे. "पर्वती, एक फेरी. तीनदा थांबले. वर नाडी १५६. खाली आल्यावर काही त्रास नाही." यातील शेवटचे वाक्य किती घाईचे होते, हे तिसऱ्या दिवशी कळले, त्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी एका कार्यालयात हिशेब सांभाळते. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, मध्ये डबा आणि दोन चहा, एवढाच माझा आसनबदल. पुण्यातील पर्वती टेकडीच्या पायथ्यापासून आमचे घर जेमतेम दहा मिनिटांवर आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून देवळाचा दिवा दिसतो. तरीही बावीस वर्षांत मी टेकडी चढले असेन ती परगावच्या पाहुण्यांना नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले देऊळ दाखवण्यापुरती, आणि तेव्हाही बोलण्याच्या निमित्ताने वाटेत थांबत थांबत. त्या वर्षीच्या रक्ततपासणीत गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा एचबीए१सी हा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा मानतात. डॉक्टर म्हणाले, "गोळी लगेच नको. आधी पायांना काम द्या आणि सहा महिन्यांनी परत या." पायांना काम, हे त्यांचे शब्द मला आवडले. मी एक शंभर पानी वही आणली आणि डावीकडे तारीख, मध्ये फेऱ्या, उजवीकडे नाडी असे रकाने आखून टाकले. ती माझी जन्माची सवय आहे.

पर्वतीच्या पायऱ्या १०३ आहेत. त्या दगडी आणि ठेंगण्या आहेत, काही ठिकाणी इतक्या रुंद की एका पावलात पुढची पायरी गाठता येत नाही. अर्धे पाऊल जास्तीचे टाकावे लागते आणि मग वर उचलण्याचे काम नकळत त्याच त्या पायाकडे येत राहते. पहिल्या दिवशी चाळिसाव्या पायरीच्या आसपास माझी धाप अशी वाढली की आता छातीतून काही तरी बाहेर पडेल असे वाटले. वर पोहोचताच मनगटावर दोन बोटे ठेवून पंधरा सेकंद मोजले, तर ३९ ठोके भरले. चारने गुणले की १५६. हृदयाची कमाल गती काढण्यासाठी २२० मधून वय वजा करण्याचा जो ढोबळ ठोकताळा सांगतात, त्याप्रमाणे ४९ व्या वर्षी माझी कमाल १७१ भरत होती. म्हणजे एका फेरीसाठी माझे हृदय आपल्या ताकदीच्या नव्वद टक्क्यांवर धावत होते, आणि शेजारून सत्तरीचे गृहस्थ मोबाईलवर मुलाशी बोलत वर चालले होते.

आपल्याला हवा पुरत नाही, असे मला त्या धापेत वाटत होते. नंतर वाचल्यावर समजले की निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायू अशा वेळी फारसा उतरत नाही. जोरात काम करणारे स्नायू जो कर्बवायू आणि जी आम्लता रक्तात सोडतात, तिची वर्दी मेंदूतील श्वसनकेंद्राला मिळते आणि ते श्वास वाढवते. म्हणजे धाप ही टंचाईची ओरड नसून साफसफाईची गडबड असते. हे कळल्याने धाप कमी झाली नाही, पण तिची भीती गेली.

दुसऱ्या दिवशी अंग थोडे आंबल्यासारखे झाले, इतकेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र इमारतीचा जिना उतरताना दोन्ही मांड्यांनी साफ नकार दिला. पाय खाली टाकला की गुडघ्याच्या वर कोणी तरी आतून चिमटा घेतल्यासारखे होई. शेवटी कठडा धरून, भिंतीकडे तोंड करून, मी दोन मजले उलट्या पावलांनी उतरले आणि नेमके त्याच वेळी दूधवाले दादा वर येत होते. कार्यालयात एका सहकाऱ्याने ठामपणे निदान केले की पायांत लॅक्टिक अॅसिड साचले आहे, चोळून घ्या. हा समज इतका पसरलेला आहे की मीही तो खरा धरून चालले होते. प्रत्यक्षात श्रमाच्या वेळी तयार झालेले लॅक्टेट विश्रांती घेतल्यावर तासा-दोन तासांत रक्तातून निघून जाते, इतकेच नव्हे तर हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. एक ते तीन दिवसांनी जोर धरणाऱ्या दुखण्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.

खरे कारण उतरणीत होते. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो, आणि ताणला जात असतानाच भार धरून ठेवत असतो. गाडी घाटातून ब्रेकवर उतरवावी तसे हे काम आहे. अशा ब्रेकच्या कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात, मग तेथे दाह होतो, डागडुजी सुरू होते, आणि त्या डागडुजीच्या दिवसांत दुखते. गंमत अशी की उतरताना दम लागत नसल्यामुळे आपण विश्रांती घेत आहोत असे वाटते. मी तर पहिल्या दिवशी मोठ्या तोऱ्यात, धपाधप पाय टाकीत उतरले होते.

ही गोष्ट पायथ्याशी रोज भेटणाऱ्या एका आप्पांना मी सांगितली तेव्हा ते मनापासून हसले. कारखान्यातून निवृत्त झालेले, तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढलेले हे गृहस्थ गेली कित्येक वर्षे रोज चार फेऱ्या करतात, ना तीन ना पाच. "ताई, चढायला छाती लागते, उतरायला मांडी लागते," ते म्हणाले. "छाती दोन आठवड्यांत येते. मांडीला वेळ द्या. आणि बैठक पहिल्यांदा मारली की दोन दिवस संडासला बसता येत नाही, हे आमच्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं असायचं." त्यांनी आणखी एक नियम सांगितला. कपाळावर आणि नाकावर घाम आला, तोंडाला कोरड पडू लागली, की त्या दिवसापुरते थांबायचे. त्यांच्या तालमीत ही शिकवण वस्तादाकडून आलेली होती. आयुर्वेदातही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे आणि त्या अर्ध्या शक्तीची खूण हीच दिलेली आहे. आजकाल व्यायाम करताना दोन वाक्ये सलग बोलता आली पाहिजेत अशी जी कसोटी सांगतात, तीही मला याच जातीची वाटते. मी तेव्हा मान डोलावली. ऐकले मात्र नाही, आणि तेही पुढे येईलच.

आठवड्याने मी पुन्हा एक फेरी केली. या वेळी दुखणे पहिल्याच्या निम्म्यानेही नव्हते. तोपर्यंत माझी ताकद वाढली होती म्हणून हे झाले नाही, कारण सहा दिवसांत स्नायू काही वाढत नाही. एकदा अशी इजा सोसून डागडुजी झालेला स्नायू तशाच पुढच्या कामाला कितीतरी कमी दुखतो, आणि एका खेपेची ही पुण्याई काही आठवडे पुरते. शरीराच्या या गुणाचे मला अजून आश्चर्य वाटते. एकदाच मार खाऊन इतके शिकणारे दुसरे काही माझ्यात नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी दोन फेऱ्यांवर आले आणि वजनकाट्यावर उभी राहिले. काटा ९०० ग्रॅम वर गेला होता. त्या दिवशी वहीत मी फक्त एक प्रश्नचिन्ह काढलेले आहे. तीन आठवडे साखरेचा चहा सोडलेल्या बाईला हा अपमान वाटणे साहजिक होते, परंतु हिशेब लावला की तो समजण्यासारखा आहे. कामाला लागलेले स्नायू ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा साठा वाढवतात, आणि प्रत्येक ग्रॅम साठ्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. शिवाय पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. छाती दोन आठवड्यांत येते असे जे आप्पा म्हणत होते, त्यामागे बहुतांशी हेच आहे. रक्त अधिक, म्हणून हृदयात भरणारे रक्त अधिक, म्हणून एका ठोक्यात पुढे जाणारे रक्त अधिक. मी काट्यावर ज्याला चरबी समजून चिडले होते, ते माझ्या हृदयाला मिळालेले खेळते भांडवल होते. यानंतर मी वजन महिन्यातून एकदाच करू लागले. तसे पाहिले तर वर्षभरात ते दीड किलोच उतरले. सलवारीची नाडी मात्र चार बोटे आत आली आहे, आणि तीवर माझा काट्यापेक्षा अधिक विश्वास आहे.

ठोक्यांच्या हिशेबाने मला खरा आनंद दिला. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच मोजलेली नाडी नोव्हेंबरात ८२ होती. जानेवारीच्या मध्यावर ती ७२ वर आली. मिनिटाला दहा ठोके वाचले म्हणजे दिवसाला १४,४०० ठोके झाले. पायऱ्यांवरच्या अर्ध्या तासात जास्तीचे खर्च होणारे ठोके साधारण दोन हजार धरले, तरी बारा हजारांहून अधिक शिल्लक राहते. इतका परतावा देणारी ठेव मी आमच्या कार्यालयाच्या खतावणीत कधी पाहिलेली नाही. वर पोहोचल्यावरची नाडीही एका फेरीला १५६ वरून १३२ वर आली होती, आणि आता मी वाटेत थांबत नव्हते.

याच सुमारास मी जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांच्या कामाविषयी वाचले. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून असणारा चालक आणि दिवसभर जिना चढउतार करणारा वाहक, हे एकाच गाडीत, एकाच हवेत, जवळपास सारख्या पगारावर काम करणारे लोक. त्यांच्या हृदयविकाराच्या नोंदी मॉरिस यांनी ताडून पाहिल्या आणि चालकांपेक्षा वाहकांना हृदयविकार कमी होतो, झालाच तरी उशिरा होतो, असे १९५३ साली दाखवून दिले. लहानपणी मामाकडे मुंबईला गेले की बेस्टच्या दुमजली बसमध्ये वर बसण्यासाठी आम्ही हट्ट करीत असू, आणि टिकटिक करीत जिना चढून येणारे कंडक्टरकाका मला अजून आठवतात. त्या लंडनच्या वाहकांच्या दिवसाला पाचशेहून अधिक पायऱ्या होत. माझ्या हिशेबी डोक्याने लगेच भागाकार केला. पर्वतीच्या पाच फेऱ्या म्हणजे ५१५ पायऱ्या. ठरले, पाच.

पाच फेऱ्या मी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्ण केल्या, आणि त्या इतक्या सहज झाल्या की माझी बुद्धी फिरली. २६ जानेवारीला सुट्टी होती, हवा सुरेख होती, छातीला काही त्रास नव्हता, मांड्याही कुरकुरत नव्हत्या. त्या दिवशी मी अकरा फेऱ्या केल्या. १,१३३ पायऱ्या चढून तितक्याच उतरून घरी आले आणि नवऱ्याला तो आकडा दोनदा सांगितला. आप्पांनी मला आठव्या फेरीला हटकले होते. "कोणाला दाखवायचं आहे?" इतकेच ते बोलले.

चार दिवसांनी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि उजव्या टाचेच्या मागे, वर दोन बोटांवर, गंजलेली बिजागरी फिरावी तशी ताठर कळ आली. दहा-बारा पावले टाकल्यावर ती विरली. पुढच्या दिवशी वीस पावले लागली. आठवड्यात अशी वेळ आली की अंथरुणातून न्हाणीघरापर्यंत मी चवड्यावर लंगडत जाऊ लागले. हात लावला तर टाचेमागची ती दोरी डाव्या पायापेक्षा जाड लागत होती. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी ही कंडरा. पायरी चढताना आपला सगळा भार, आणि धावताना त्याच्या कितीतरी पट, ती सोसते.

पहिल्यांदा ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला, की वय झाले, जिने कायमचे बंद करा. मी पंधरा दिवस पूर्ण विश्रांती घेतली. कळ गेली, आणि एका फेरीनंतर जशीच्या तशी परत आली. मग मी एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिने आधी माझी वही मागून घेतली आणि पाने उलटत २६ जानेवारीवर बोट ठेवले. "काकू, हे काय आहे?" मी ओशाळले. ती म्हणाली, "तुमचं हृदय दोन महिन्यांत तयार झालं, मांड्या अडीच महिन्यांत. कंडरेला हे कोणी कळवलंच नव्हतं."

त्यानंतर या कंडरेविषयी जे वाचले, ते मी कधी विसरणार नाही. स्नायूला रक्त भरपूर मिळते, कंडरेला फार थोडे. म्हणून तिची डागडुजी संथ असते, हे ढोबळमानाने माहीत होते. परंतु २०१३ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी तिचे वय मोजण्याची एक विलक्षण युक्ती केली. १९५५ ते १९६३ या काळात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकदम वाढले आणि नंतर ते हळूहळू उतरत गेले. जी पेशीजाले त्या त्या वर्षी तयार झाली, त्यांत त्या त्या वर्षीच्या हवेची खूण राहिली. या खुणेवरून असे दिसले की टाचेमागच्या कंडरेचा गाभा आयुष्याच्या साधारण पहिल्या सतरा वर्षांत तयार होतो आणि पुढे तो जवळजवळ नव्याने भरला जात नाही. स्नायूचे तसे नाही. तो सतत नवा होत असतो. म्हणजे २६ जानेवारीला पर्वतीवर जे हृदय आणि ज्या मांड्या चढत होत्या त्या एकोणपन्नास वर्षांच्या बाईच्या होत्या, पण त्यांना ओढणारी दोरी वाईच्या शाळेच्या मैदानावर लंगडी घालणाऱ्या मुलीची होती. तिने तेव्हा जे काही कमावले त्यावर आजवर चालले, आणि मी तिला एका सकाळी अकराशे पायऱ्यांचे बिल लावले.

उपाय विश्रांतीत नव्हता. योग्य मापाच्या भारात होता. हाकन अल्फ्रेडसन या स्वीडिश अस्थिशल्यविशारदांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेली एक पद्धत आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहायचे आणि टाच पायरीच्या पातळीखाली अगदी सावकाश उतरवायची. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा वाकवून तितकेच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. हिशेब दिवसाला १८० चा होतो. मला त्या मुलीने निम्म्यापासून सुरुवात करायला लावली. स्वयंपाकघरातून मागच्या गॅलरीत उतरायला आमच्याकडे एक पायरी आहे. सकाळी दुधाचे पातेले मंद गॅसवर ठेवायचे आणि ते वर येईपर्यंत दारची चौकट धरून टाचा उतरवायच्या, असे मी तीन महिने केले. दोनदा दूध उतू गेले. थोडे दुखले तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळची ताठरता वाढता कामा नये, हा तिचा नियम होता. त्यामुळे व्यायामाचा निकाल व्यायामाच्या वेळी लागत नसून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पावलाला लागतो, ही गोष्ट माझ्या अंगवळणी पडली. वहीत मी चौथा रकाना आखला. त्याचे नाव "सकाळची पावले": कळ विरेपर्यंत किती टाकावी लागली ती संख्या. फेब्रुवारीत तेथे ३०, २८, ३४ असे आकडे आहेत. मार्चअखेर १२. एप्रिलच्या शेवटी तीन दिवस शून्य, मग पुन्हा पाच, मग शून्य. मोठ्या धीराने वाचावा लागणारा रकाना आहे तो.

मे महिन्यातील तपासणीत एचबीए१सी ५.८ आला. काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनची वाट न पाहता आत ओढून घेतो, आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनलाही अधिक चांगली दाद देतो. म्हणूनच रविवारी एकदम पाच तास डोंगर तुडवण्यापेक्षा दोन दिवसांहून जास्त खंड न पडू देणे अधिक उपयोगाचे, असे डॉक्टरांनी समजावले. येथे एक प्रामाणिक नोंद करायला हवी. रजोनिवृत्तीच्या काळात रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन झोपमोड होण्याचा मला जो त्रास होता, तो व्यायामाने जाईल असे अनेकींनी छातीठोकपणे सांगितले होते. माझा गेला नाही. झोप लवकर लागू लागली, एवढाच फरक. व्यायामाच्या पदरात प्रत्येक गोष्टीचे श्रेय टाकण्याची जी रीत पडली आहे, ती मला पटत नाही.

जूनच्या अखेरीस पाऊस सुरू झाला, पायऱ्यांवर शेवाळ धरले आणि पर्वती बंद झाली. पाठोपाठ जुलैत सासूबाईंना न्यूमोनिया झाला. त्या ७८ वर्षांच्या. आजारापर्यंत देवघर, तुळस, खालची मंडई हे सगळे स्वतः करीत होत्या. बारा दिवस रुग्णालयात पडून राहिल्यावर त्या घरी आल्या तेव्हा फुफ्फुसे बरी झाली होती, पण खुर्चीतून उठता येत नव्हते. हात धरून उभे केले की मांड्या थरथरत. "आजारानं अशक्तपणा आलाय, पडू दे त्यांना," असे भेटायला येणारा प्रत्येक जण सांगत होता.

मला मात्र टेक्सासमधील डॅलस येथे १९६६ साली झालेला एक प्रयोग आठवत होता. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवले, तर प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा असे आढळले की तीस वर्षांच्या वयाने त्यांची जितकी हानी केली, त्यापेक्षा अधिक त्या तीन आठवड्यांच्या पलंगाने केली होती. विशीत हे, तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काय? दुसऱ्या बाजूला, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधील एका अभ्यासात वृद्धाश्रमातील सरासरी नव्वदीच्या लोकांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतले होते, आणि त्यांच्या मांड्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली होती. म्हणजे दार शेवटपर्यंत उघडे असते. आत जायचे की नाही, एवढाच प्रश्न.

डॉक्टरांना विचारून आम्ही जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. खुर्चीवर दोन उशा, म्हणजे बसायची जागा उंच आणि उठणे सोपे. पहिल्या दिवशी हातांचा जोर लावून त्या तीनदा उठल्या आणि माझ्यावर रागावल्या. "अगं, मी आजारी आहे की तुमच्या तालमीत भरती झालेय?" पंधरा दिवसांनी एक उशी काढली. मग त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली: डाव्या हातात जपमाळ, आणि एकदा उठून बसले की एक मणी पुढे. "आई, माळ १०८ मण्यांची आहे," मी घाबरून म्हणाले. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या, "तू केलेस तसे अकराशे नाही करणार मी." माझी वही त्या वाचतात, हे मला त्या दिवशी कळले.

सप्टेंबरच्या शेवटी शेवाळ सुकले आणि मी पुन्हा पर्वतीवर गेले. एका फेरीला नाडी १४८. साडेसात महिन्यांच्या कमाईतील बरीचशी तीन महिन्यांत खर्ची पडली होती. पण परत मिळवताना चारच आठवडे लागले, आणि टाचेने एकदाही तक्रार केली नाही, कारण गॅलरीतील पायरीवरची टाच उतरवणी मी पावसातही सोडली नव्हती. आप्पा तेथेच होते, चार फेऱ्यांवर.

डिसेंबरात सिंहगड केला. आतकरवाडीतून पायवाटेने सुमारे ६०० मीटर चढायचे. माझ्या ७० किलोंना तेवढे उचलण्याचे निव्वळ काम ९८ किलोकॅलरी भरते, आणि स्नायू आपल्या इंधनातील फार तर पाव भागच अशा कामात लावू शकत असल्याने प्रत्यक्ष खर्च सुमारे ४०० किलोकॅलरी. पुणे दरवाजापाशी मी हा हिशेब नवऱ्याला ऐकवला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातील दही, प्रत्येकी दोन, अशी ऑर्डर दिली. चढायला मला पावणेदोन तास लागले. उतरायला, मुद्दाम, जवळपास तितकेच. उतरताना प्रत्येक मोठ्या दगडावर मी आधी पाऊल टेकवून मग भार टाकत होते आणि पंचविशीची मुले बाजूने उड्या मारीत, खाली धुरळा उडवीत जात होती. तिसऱ्या दिवशी मी इमारतीचा जिना सरळ तोंडाने उतरले.

वही आता संपत आली आहे. परवा संध्याकाळी कार्यालयातून उशिरा आले, पाऊल टाकवत नव्हते, पर्वती चुकली होती, आणि नोंद करायला पान उघडले तर त्या दिवसाच्या ओळीत समासात पेन्सिलीने बारीक, थरथरत्या अक्षरात लिहिलेले होते: "१४. उशी नाही. हात नाही."